पहिल्या दाखल्याची किंमत

नागपूरच्या मार्चमध्ये ब्लँकेट वाटलेली मी पाहिली आहेत. वाटणाऱ्यांत मीही होतो. आयकराची सूट टिकवायची तर धर्मादाय ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नातले निदान 85 टक्के त्याच वर्षी कामाला लावावे लागतात. पैसे पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवायची सोय कायद्यात आहे, पण तिचा फॉर्म म्हटलं की आमचे सीए कां-कू करतात. म्हणून जानेवारीपर्यंत सगळे निवांत, आणि फेब्रुवारी उलटला की छोट्या ट्रस्टांना एकाएकी गरीब आठवतात.

मी अशाच एका ट्रस्टचा चिटणीस. आजोबांनी इतवारीतल्या धान्याच्या दुकानाच्या नफ्यातून तो काढला. आता काका अध्यक्ष आहेत. वह्या, चष्मे, ब्लँकेट हा आमचा ठरलेला रस्ता. 2022च्या फेब्रुवारीत पैसे उरले होते आणि शहराच्या पूर्वेच्या टोकाला घिसाड्यांची, म्हणजे फिरतं लोहारकाम करणाऱ्यांची, एक वस्ती आहे असं कुणीतरी सांगितलं. आम्ही ठरवलं, तिथल्या बायकांना पंधरा शिलाई मशीन देऊ. फोटो छान येतो.

वस्तीत काम करणाऱ्या ताई ऑफिसात आल्या. चहा घेतला, यादी पाहिली आणि म्हणाल्या, "मशीन ठेवाची कुठं जी भाऊ? पालात? पावसात आमचं अंथरूण कोरडं राह्यत नाही."

मी म्हटलं, मग काय देऊ?

"देयाचंच असन तं एका बाईचा पगार द्या. कागदासाठी फिरणाऱ्या बाईचा."

कागद म्हणजे जातीचा दाखला. पुढची तीन वर्षं या एका वाक्यामागे गेली. ती सगळी लिहून काढावी असं वाटलं, कारण अशा कामाला पैसे देताना आम्ही कुठे चुकलो ते मला आता थोडंफार दिसतं. वस्तीचं, ताईंचं आणि आमच्या ट्रस्टचं नाव देत नाही. फायली अजून चालू आहेत.

वस्ती आणि तिचा कागद

चाळीसेक घरं. घर म्हणजे बांबू, ताडपत्री आणि समोर भट्टी. ट्रकचे जुने पाटे भंगारातून आणायचे, कापायचे, तापवायचे आणि त्यांची विळे-खुरपी-कुऱ्हाडी करायच्या. नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको घण मारते. हो, घण बायकोच मारते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय बोलावं ते सुचलं नव्हतं. आपसात तारीमुकी बोलतात, आपल्याशी नागपुरी. पूर्वी बैलगाडी घेऊन पेरणीच्या आधी उमरेड-भिवापूरकडे आणि पुढे काटोल-नरखेडकडे फिरायचे. गावागावात अवजारं पाजवून द्यायची, धान्य घ्यायचं आणि पुढचं गाव गाठायचं.

महाराष्ट्राच्या यादीत घिसाडी भटक्या जमाती-ब मध्ये येतात. त्या गटाला अडीच टक्के आरक्षण आहे आणि शिष्यवृत्तीही आहे. पण दाखला हवा तर 21 नोव्हेंबर 1961च्या आधीपासून आपलं घराणं इथलं आणि याच जातीचं असल्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख 10 ऑगस्ट 1950 आहे, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. आता ज्यांची ओळखच 'एका जागी न राहणारे' अशी आहे, त्यांच्याकडे सरकार साठ वर्षांपूर्वीच्या वास्तव्याचा कागद मागतं. ज्या कारणाने सवलत दिली, त्याच कारणाने ती मिळत नाही.

विदर्भात असा पुरावा मुख्यतः दोन ठिकाणी सापडतो: जिल्हा परिषदेच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आणि तहसिलातलं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. या वस्तीतल्या आजोबांच्या पिढीत शाळेत कुणी गेलेलंच नव्हतं. नंतरच्या पिढीतल्या दोघा-तिघांची नावं शाळेत होती, पण तिथे मास्तरांनी जातीच्या रकान्यात 'लोहार' लिहून ठेवलं होतं. लोहार ओबीसीत. झालं, तारीख बदलली, प्रवर्ग बदलला, फाईल बाद.

वस्तीतली एक मुलगी तेव्हा अकरावी सायन्सला होती. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही. पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचं तर दाखल्यावर पडताळणी समितीची वैधताही, म्हणजे दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्रही, लागणार. ताईंनी तिची फाईल पहिली धरली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिले घाई हाये. बाकीच्यायले घाई राह्यली नाही."

पैसे कशाला लागले

ताईंचा अंदाजपत्रकाचा कागद अर्ध्या पानाचा होता. महिन्याला बारा हजार मानधन. एसटीचं भाडं. झेरॉक्स. वकिलाची फी. आणि एक ओळ, जिच्यावर आमच्या बैठकीत पाऊण तास गेला: 'सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी'. म्हाताऱ्याला गावी न्यायचं तर त्या दिवशी भट्टी बंद. भट्टी बंद तर चूल बंद. तेव्हा त्याचे दिवसाचे चारशे रुपये आधी हातात द्यायचे. सगळं मिळून वर्षाचे दोन लाख दहा हजार.

काका म्हणाले, "आपण दान करतो रे. लोकांचे खटले चालवत नाही."

त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. आमच्या ट्रस्टडीडमध्ये 'गरिबांना साहाय्य आणि शिक्षण' एवढंच लिहिलंय. सीएंना विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून सांगितलं की कागद मिळवून देणं हेही गरिबांना साहाय्यच आहे. अडचण उद्देशाची नाही, व्हाउचरची आहे. बुडालेल्या मजुरीचं बिल कोण देणार? शेवटी अंगठ्याचं व्हाउचर, तारीख, कुठे गेले आणि कशासाठी, असं ठरलं. ही पद्धत तीन वर्षं चालली आणि लेखापरीक्षणात तिच्यावर एकदाही आक्षेप आला नाही.

इथे थोडं बाजूला जातो. एवढ्याशा कामासाठी ताई आमच्यासारख्या किराणेवाल्यांकडे का आल्या? मोठ्या कंपन्यांच्या सीएसआरकडे, म्हणजे समाजकामासाठी बाजूला काढलेल्या पैशाकडे, का गेल्या नाहीत? कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सामाजिक-आर्थिक मागास गटांची विषमता कमी करण्याचे उपाय स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही. पण सीएसआरचा पैसा घ्यायचा तर संस्थेकडे आयकर खात्याचं 12ए हवं, 80जी हवं, सीएसआर-1ची नोंदणी हवी, तीन वर्षांचं काम दाखवता यायला हवं. ताईंच्या संघटनेकडे एक रबरी शिक्का होता. परदेशी मदत पूर्वी मोठ्या संस्थांमार्फत झिरपत अशा लोकांपर्यंत यायची. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणंच बंद झालं. उरले आम्ही. ज्यांना कुणी विचारत नाही असे गल्लीतले ट्रस्ट. अशा कामाला आज सर्वांत मोकळा पैसा आमच्याकडे आहे आणि आम्ही त्याची ब्लँकेट घेतो.

पैसे एका जुन्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून संघटनेकडे जायचे. पत्र तीन वर्षांचं दिलं, मंजुरी मात्र वर्षा-वर्षाची.

कोण कुठं मेलं

पहिले चार महिने ताई वस्तीत 'कागद आहे का?' असं विचारत फिरल्या. पेट्या उघडल्या गेल्या. निघाली ती रेशन कार्डं, मतदार ओळखपत्रं, एका लग्नाची पत्रिका. सगळं 1990च्या अलीकडचं.

मग त्यांनी प्रश्न बदलला. म्हाताऱ्या माणसांजवळ बसून विचारू लागल्या, "तुमच्या घरातलं कोण कुठं मेलं?"

याचं उत्तर सगळ्यांकडे होतं. फिरत्या माणसाला गावं अशीच लक्षात राहतात. चव्हाणांच्या कुळातले एक बाबा म्हणाले, भिवापूरकडच्या एका गावाच्या नाल्याकाठी त्यांची धाकटी बहीण पुरलेली आहे. तापाने गेली. ते तेव्हा बैल चारण्याएवढे होते. गावच्या कोतवालाने येऊन वडिलांना नाव-गाव विचारलं होतं, एवढं त्यांना आठवत होतं, कारण वडील घाबरले होते.

ताई बाबांना घेऊन तहसिलात तीनदा गेल्या. पहिल्यांदा अभिलेख कक्षाची किल्ली असलेले बाबू रजेवर. दुसऱ्यांदा वही दुसऱ्याच गावाची निघाली. तिसऱ्या फेरीला मीही गेलो होतो, म्हणून पुढचं पाहिलेलं सांगतो. लाल कापडात बांधलेलं बाड, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. 1954चा वैशाख. नाव, बापाचं नाव, वय दोन वर्षे, मरणाचं कारण ताप. आणि जातीच्या रकान्यात तीन अक्षरं, 'घिसाडी'पुढे कोतवालाने स्वतःहून जोडलेलं 'फिरस्ते' सोडून. ताईंनी मोठ्याने वाचलं. नाव ऐकल्यावर बाबा म्हणाले, "हो, हेच. आम्ही तिले घरी चिमी म्हणो." आणि मग बाहेर जाऊन बाकड्यावर बसले.

ज्या गावात ते महिनाभरही राहिले नसतील, तिथे त्या लेकराची नोंद झाली, म्हणून साऱ्या कुळाचं वास्तव्य सिद्ध झालं.

झालं म्हणजे, व्हायला हवं होतं. प्रमाणित नक्कल घेऊन त्याच कुळातल्या त्या मुलीचा अर्ज गेला तर एका कार्यालयातल्या तरुण कर्मचाऱ्याने तो परत केला. वहीच्या छापील मथळ्यावर 'मध्यप्रदेश' होतं. "हे परराज्यातलं आहे, भोपाळहून पत्र आणा." त्या पोराचा दोष नाही म्हणा. 1954 साली नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि 1956च्या नोव्हेंबरपर्यंत आपण सगळे त्याच राज्यात होतो, हे त्याला शाळेत कुणी सांगितलं नसावं. वकिलाने पत्र दिलं, राज्य पुनर्रचनेचा कायदा जोडला. यात सव्वा महिना गेला. शिवाय प्रत्येक प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर मागितला जायचा. जातीच्या दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला 2004पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. ताईंनी त्या आदेशाची झेरॉक्स पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली. झेरॉक्सच्या खर्चावर कुरकुरणाऱ्या आमच्या खजिनदारांना मी तीच दाखवली.

मोर्चा

नोंद मिळाली तरी त्या मुलीच्या काकाच्या शाळेच्या दाखल्यावरचा 'लोहार' आडवा आलाच. यादीत घिसाड्यांच्या नावाखाली गाडी लोहारही येतात, तेव्हा मार्ग होता. पण त्यासाठी गृहचौकशी व्हायला हवी, म्हणजे कुणीतरी वस्तीत येऊन बोली, देव, लग्नाच्या चालीरीती पाहायला हव्यात. कुणी येईना. लोकसेवा हक्काच्या 2015च्या कायद्याखाली अपील केलं. डिसेंबर आला.

नागपुरात डिसेंबर म्हणजे हिवाळी अधिवेशन आणि अधिवेशन म्हणजे मोर्चे. यशवंत स्टेडियमवरून निघायचं आणि पोलिसांनी अडवलं की तिथेच रस्त्यावर बसायचं, ही इथली रीतच. भटक्या-विमुक्तांचा एक मोर्चा निघाला, त्यात वस्तीतल्या बायका गेल्या. डोक्यावर घण घेऊन. पोलिसांनी घण काढून घेतले आणि संध्याकाळी परत दिले. पण तोवर फोटो निघाले होते.

सकाळी सात वाजता काकांचा फोन. "पेपर पाहिलास? आपला पैसा मोर्चात गेला का?"

नव्हता गेला. बायकांनी वीस-वीस रुपये काढून ऑटो केले होते. मी हिशेब दाखवला. त्यावर काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बॅनरवर आपलं नाव तरी टाकायचं होतं." हे दोन्ही त्यांना एकाच वेळी मनापासून वाटत होतं, आणि मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मोर्चाची भीती आणि श्रेयाची हौस, दोन्ही आम्हा देणाऱ्यांच्या पोटात शेजारी-शेजारी असतात. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे तीन शब्द या शहराच्या भिंतीभिंतीवर आहेत. आमच्या बैठकीत पहिल्या शब्दाला टाळ्या, दुसऱ्याला होकार, आणि तिसऱ्याला सीएंना फोन.

बैठकीत बरंच बोलून एक ओळ ठरली आणि ती पत्रात घातली: पक्षाच्या राजकारणासाठी हा पैसा वापरायचा नाही, बाकी संघटनेने काय करावं हे संघटना ठरवील. जानेवारीत गृहचौकशी झाली. मोर्चामुळे की अपिलामुळे, हे मला सांगता येणार नाही. ताईही सांगत नाहीत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या मुलीचा जातीचा दाखला हातात आला.

भागाकार

वर्षअखेरच्या बैठकीत खजिनदारांनी दोन लाख दहा हजारांना एकाने भागलं.

उत्तर खोटं नव्हतं. एका दाखल्याला दोन लाख दहा हजार. तेवढ्यात चारशे ब्लँकेट आली असती. त्या दिवशी आम्ही हे काम बंद करायच्या अगदी काठावर होतो, आणि वाचलो ते माझ्या शहाणपणाने नाही. ताईंनी सोबत एक वंशावळ आणली होती. कार्डशीटवर, स्केचपेनने. वर 1954च्या नोंदीतला बाप, खाली त्याचे मुलगे, नातू, पणतू. ताईंनी बोट फिरवलं, "आता हे सारे याच कागदावर चालन. फकत झेरॉक्स."

दाखल्यांच्या व्यवहारात असंच असतं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या एकाचा पुरावा उभा राहिला की बाकीच्यांचं ओझं निम्म्याने उतरतं. सगळा खर्च, सगळी पायपीट, सगळे धक्के पहिल्या फाईलला. दुसऱ्या वर्षी त्याच कुळातल्या एकोणीस जणांचे दाखले झाले आणि प्रवासखर्च पहिल्या वर्षाच्या अर्धाही झाला नाही. वह्यांचं उलटं असतं: पहिली वही आणि हजारावी वही एकाच भावाची. आमचं सगळं गणित वह्यांवर बसलेलं होतं. पहिल्या वर्षाच्या शेवटी भागाकार करणारा देणगीदार विहीर पाण्याच्या हातभर वर सोडून देतो, हे मला त्या कार्डशीटमुळे कळलं. पत्र तीन वर्षांचं दिलं होतं ते केवळ नशीब.

आमच्या चुका

दुसऱ्या वर्षी आम्ही हुशारी करायला गेलो. 2023च्या वित्त कायद्याने एका ट्रस्टने दुसऱ्याला दिलेल्या देणगीतले 85 टक्केच खर्च म्हणून धरायचे ठरले. मी सुचवलं, मध्ये संस्था कशाला, ताईंचं मानधन थेट देऊ, पूर्ण रक्कम खर्चात धरता येईल. दिलं. दोन महिन्यांत वस्तीत बोलणं सुरू झालं, "ताई आता शेठची झाली काय?" ज्या बाईच्या शब्दावर लोक घरातल्या मेलेल्यांची नावं सांगत होते, तिच्याकडे आमची नोकर म्हणून पाहू लागले. ताई मला काही बोलल्या नाहीत. त्या जुन्या संस्थेच्या कार्यकर्त्याकडून कळलं. पुन्हा आधीच्या वाटेने पैसे सुरू केले आणि 15 टक्क्यांचा फटका सोसला.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी. त्याच वर्षी ऑडिट लांबलं म्हणून आमचा दुसरा हप्ता अडीच महिने उशिरा गेला. त्या काळात ताईंनी बचत गटातून महिना दोन टक्क्यांनी कर्ज काढून फिरणं चालू ठेवलं. मला सांगायचं ना, म्हटलं.

"देणाऱ्यापुढं कोण बोलते जी भाऊ."

त्यानंतर आम्ही पहिला हप्ता एप्रिलमध्ये आणि सहा महिन्यांचा एकदम द्यायला लागलो. व्याजाचे पैसे ताईंनी घेतले नाहीत. 'यशोगाथा, फोटोसह' हा आमच्या अहवालाच्या नमुन्यातला रकाना मी काढून टाकला. अर्थात त्याआधी दोन वर्षं तो भरून घेतला होता, हेही इथे लिहायला हवं.

जे झालं नाही

ती मुलगी आता नर्सिंगला आहे. वैधता मिळाली, प्रवेशाची मुदत संपायला तीन दिवस असताना. सोळंक्यांच्या कुळाची नोंद सावनेरकडे सापडली. पवारांची अजून नाही. त्यांच्या आठवणीतलं गाव धरणात गेलं. पालांखालची जमीन आरक्षित आहे, त्यामुळे पट्ट्याचा, म्हणजे ती नावावर होण्याचा, विषय निघाला की सगळे गप्प बसतात. दाखला हातात आहे आणि पावसात अंथरूण भिजतंच.

एका फाईलबद्दल मात्र आम्हाला काहीच सुचत नाहीये. चव्हाणांच्या कुळातली एक सून, नवऱ्याने टाकलेली, मुलगा नववीत. पुरावा आहे, वंशावळ आहे, मुलाचं नाव त्या कार्डशीटवर सगळ्यात खालच्या ओळीत आहे. पण दाखला सहसा बापाच्या रक्ताने मिळतो, आणि मुलाचा काका नात्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करत नाही. आधी तिने पोटगीचा दावा मागे घ्यावा, असं पंचांच्या बैठकीत ठरलंय. आपण मिळवून दिलेल्या कागदाचाच तिच्याविरुद्ध वापर होईल, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ताईंच्या आलं असावं. त्या गप्प होत्या. सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016चा कायदा आहे, पण तक्रार केली तर राहायचं त्याच पालांमध्ये. ती म्हणाली, थांबा.

यंदाचं अंदाजपत्रक ताईंनी पुन्हा अर्ध्या पानावर आणलं. त्यात तिच्या नावापुढे एकच ओळ होती: 'दिराच्या गावी जाणे-येणे, 3 वेळा'. काकांनी कागद जवळ धरून वाचला, पेन काढलं आणि विचारलं, "तीन वेळात ऐकेल तो?"

ताई म्हणाल्या, "सहा लिहा."